बरे झालेल्यांचा डबा

हे मी कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, देवापाशी नाही — आणि काकूपाशी तर नाहीच नाही. एकदा फोनवर रेकॉर्ड करून बघितलं होतं, आपलंच आपल्याला ऐकायला. पण वीस सेकंदांत माझा आवाज असा काही गोड, समजूतदार लागला की मलाच किळस आली. रोजच्या धंद्यातला आवाज तो. म्हणून मग लिहायचं ठरवलं. लिहिण्याची सवय नाही, चुका होतील.

गोष्ट तशी दोन शब्दांची आहे. "बरे झाले" — एवढंच मी म्हणालो. आता तुम्ही म्हणाल, यात कबूल काय करायचंय? कुणी आजारी माणूस बरा झाला म्हणणं हा काय गुन्हा आहे? थांबा जरा. मला सरळ तिथे जाता येत नाही. जरा वळसा घेऊ द्या.

मी देवासचा. आमचे पणजोबा दरबारात होते. सांगताना आम्ही तेवढंच सांगतो, कारकून होते हे गाळतो. माळव्यातल्या अर्ध्याअधिक मराठी घरांचे पणजोबा असेच नुसते 'दरबारात' होते. माझ्यापर्यंत येईतो दरबार उठून कधीच गेला होता. मी लग्नांची शूटिंग करायचो. हळदीपासून बिदाईपर्यंत, वीस वर्षं. "नंदू भिया, जरा हमारी तरफ भी घुमा दो" हे वाक्य मी किती वऱ्हाड्यांकडून ऐकलं असेल! मग ड्रोनवाली पोरं आली. माझा कॅमेरा हप्त्यावर घेतलेला, आणि लागोपाठ दोन सीझन हातात एकही लग्न नाही. सासरे तोंडावर काही बोलायचे नाहीत, पण आले की मुलीला, म्हणजे माझ्या बायकोला, घरखर्चाचं एकेक विचारत बसायचे. मी आतल्या खोलीत लेन्स पुसत बसायचो.

धारला माझी काकू असते. सख्खी काकू. काकांच्या माघारी एकटी, मूलबाळ नाही. मी धारला पॉलिटेक्निकला होतो तेव्हा दोन वर्षं तिच्या हातचं जेवलो. फेल झालो तेव्हा घरी सांगायच्या आधी तिला सांगितलं, आणि ती म्हणाली, "आधी जेव. मग रड." अशी माझी काकू.

तिची एक रीत आहे. दिवेलागणीला ती देवापुढे बसते, बोटांना रांगोळीची चिमूट लावते आणि फुलवाती वळते. आळीत कुणी आजारी असेल, कुणाचं ऑपरेशन असेल, कुणाची लेक अडलेली असेल — त्या एकेकाच्या नावाची एक वात. वात तुपात बुडवायची, नाव घ्यायचं, "याला सुखी ठेव" म्हणायचं आणि पितळी परातीत लावायची. बस. ना मंत्र, ना कुठलं स्तोत्र. माणूस बरा झाला की गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य, आणि त्याची वात बंद. तिच्या सासूकडून आलेलं हे, आणि सासूचा नियमही सोबत आलेला. काकू तो तसाच्या तसा म्हणून दाखवायची: "दुसऱ्याच्या नावाचा दिवा, तर तूप-कापूस आपला. त्याच्याकडून घेतलंत तर तुम्ही नुसते भाडोत्री हात."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत होतो. ते मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

आणखी एक सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. काका सरदारपूरला तहसील कचेरीत होते. तिथेच आजारी पडले आणि अकरा महिने अंथरुणावर होते. काकूनं अकरा महिने त्यांच्या नावाची वात लावली. ते गेलेच. नंतर कधीतरी वाती वळता वळता ती मला म्हणाली होती, "माझ्या हाताला यश नाही रे, नंदू. सासूबाईंच्या हाताला होतं." इतक्या साधेपणानं म्हणाली, जणू भाजीत मीठ कमी पडलंय. तरी रोज वळतच होती. कशासाठी वळत असेल? मी कधी विचारलं नाही.

तर काम नव्हतं त्या दिवसांत मी एकदा धारला गेलो होतो आणि काही सुचेना म्हणून तिच्या हातांचा व्हिडिओ काढला. नुसते हात, कापूस, आणि ती हळू आवाजात नावं घेतेय. लग्नांचे व्हिडिओ टाकायला इंटरनेटवर माझं एक चॅनेल होतं, त्यावर टाकून दिला. लग्नांच्या व्हिडिओंना जिथे माझ्या मेहुण्याशिवाय कुणी कुत्रं विचारत नव्हतं, तिथे हा व्हिडिओ धावत सुटला. पुण्यातून, नागपुरातून, बडोद्याहून, कुठून कुठून परदेशातून माणसं लिहायला लागली — काकू, माझ्या आईचं नाव घ्या. काकीजी, मेरे बेटे का भी. मी ती नावं काकूला फोनवर सांगायचो आणि ती घ्यायची. वीस झाली, चाळीस झाली. साठावर तिची बोटं आखडायला लागली.

म्हणजे यादीला कुठेतरी कुंपण घालणं भागच होतं. ते कशानं घालायचं? मी पैशानं घातलं.

मेंबरशिप म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. लोक दरमहा ठरावीक रक्कम देतात, ती त्यांच्या खात्यातून आपोआप कापली जाते, आणि बदल्यात इतरांना न दिसणारे व्हिडिओ त्यांना दिसतात. मी दोन पायऱ्या केल्या. स्वस्तातली 'पणती' — नुसतं बघायचं. महागातली 'समई' — काकू तुमचं नाव घेणार. समईच्या जागा साठ. साठ भरल्यावर बाकीचे रांगेत. पणती आणि समई ही नावं सुचली तेव्हा मी स्वतःवर काय खूश झालो होतो! बायकोला हाक मारून सांगितली.

काकूला यातलं काही सांगितलं नाही. "लोक फार लिहितात," म्हणालो, "ज्यांना खरीच गरज आहे अशी साठ नावं मी निवडून आणत जाईन." ती म्हणाली, "हें बरं केलंस. निवडताना गरिबाचं आधी बघ हो." मी मान हलवली.

मग दर शनिवारी देवासहून इंदूर, तिथे गंगवाल स्टँडला बस बदलून धार, असं माझं सुरू झालं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी त्या महिन्याच्या साठही नावांचा नवा कागद न्यायचो. मोठ्या अक्षरात, कारण काकूच्या डोळ्यांत मोतीबिंदू. नाव, गाव, काय झालंय ते. दिवेलागणीला शूटिंग व्हायचं. बाकी दिवस मी नसलो तरी ती त्याच कागदावरची नावं रोज घ्यायची. कॅमेरा असो नसो, तिला काय त्याचं.

ज्या माणसाला आयुष्यात कधी पगार मिळाला नाही, त्याला दरमहा न मागता पैसे यायला लागले की काय होतं, तुम्हाला माहितीये? मला रात्री झोप लागायला लागली. मुलीची फी भरली. कॅमेऱ्याचा हप्ता फिटला. सासरे एकदा चारचौघांत 'आमचे जावई' म्हणाले. मी एकदा शरमून काकूला एक किलो तूप नेलं. तिनं त्याचे बेसनाचे लाडू वळले आणि माझ्या मुलीसाठी डब्यात भरून दिले. वातींचं तूप ती काकांच्या पेन्शनमधूनच आणायची — साठ माणसांच्या वातींचं, रोजचं. त्या वर्षी तिनं स्वतःच्या वरणावरचं तूप सोडलं. "मला आताशा पचत नाही," म्हणाली. आणि मी ते मानलं. मानणं सोयीचं होतं.

आता या मेंबरशिपची एक गंमत आहे — गंमत कसली. सोडून जाणारा सांगून जात नाही. यादीतून नाव गळतं, इतकंच. कार्डाची मुदत संपली, खात्यात पैसे नव्हते, मुलानं बंद करून टाकलं, कंटाळा आला, की माणूसच गेला — मला सगळं सारखंच दिसतं. नाव नाही. रांगेतलं पुढचं नाव वर सरकतं आणि साठ पुन्हा साठच राहतात.

काकू मात्र जुना कागद समईखाली ठेवायची. नवा आला की दोन्ही मांडीवर घेऊन ताडून बघायची. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दुसऱ्याच महिन्यात तिनं मान वर करून विचारलं, "सरदारपूरच्या मास्तरांच्या आई कुठे गेल्या रे? लिहायच्या राहिल्या का?"

काय सांगणार होतो मी? की मास्तरांनी पैसे भरले नाहीत? मी ट्रायपॉडचा पाय घट्ट करत होतो. मान वर न करता म्हणालो, "बऱ्या झाल्या."

"बऱ्या झाल्या? कुणी सांगितलंन्?"

"मास्तरांचा फोन होता."

असं एकावर एक येतच गेलं. पण तिचा चेहरा — तो मी वीस वर्षं नवऱ्या मुलींचे चेहरे टिपूनसुद्धा पाहिला नव्हता. तिनं आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले, लुगड्याला पुसले आणि उठली. खोबरं किसलं, गूळ चिरला, देवापुढे ठेवला आणि त्यातला चिमूटभर माझ्या तळहातावर घातला. "यश आलं रे हाताला," म्हणाली. मी तो प्रसाद खाल्ला. मास्तरांच्या आई तेव्हा होत्या की नव्हत्या, मला आजही ठाऊक नाही.

पुढे दर महिन्याला हेच. "या खेपेला किती बरे झाले?" ती वाट बघायला लागली. दोन असोत, पाच असोत, कुणी ना कुणी गळायचंच. ती एक नवी रीत करायला लागली: बरा झालेल्याच्या नावाची शेवटची एक वात वळायची, पण लावायची नाही. जुन्या कागदावरचं त्याचं नाव कात्रीनं कापायचं, वात त्या पट्टीत गुंडाळायची आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. आल्यागेल्याला डबा उघडून दाखवायची. आळीतल्या बायका हात जोडायच्या.

मी त्या डब्याचा व्हिडिओ केला. हो, केला. त्याला नाव दिलं 'बरे झालेल्यांचा डबा'. या लिखाणालाही तेच दिलंय, दुसरं सुचलं नाही. त्या व्हिडिओनंतर समईची रांग दुप्पट झाली. मी कुठेही लिहिलं नव्हतं की ही माणसं खरंच बरी झाली. मी फक्त काकूला बोलू दिलं. किती हुशार ना?

आता सुलभाताई. इथवर आलो ते त्यांच्यासाठीच, आणि अजूनही हात मागे येतोय.

सुलभाताई देवासच्याच. साड्यांना फॉल-पिको करतात. आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं दुकान; माझ्या बायकोच्या दोन साड्या त्यांनी केलेल्या आहेत, हे मला पुढे कळलं. त्यांच्या यजमानांच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा इंदूरला डायलिसिस. त्या समईच्या मेंबर होत्या — फॉल लावून लावून कितीसे मिळत असतील, पण होत्या. दर व्हिडिओखाली लिहायच्या. संध्याकाळ झाली की यजमान व्हिडिओ लावायला सांगतात, आपलं नाव येईपर्यंत डोळे मिटून पडून राहतात आणि नाव आलं की हात जोडतात, असं. मी ते काकूला वाचून दाखवलं होतं. तेव्हापासून ती त्यांचं नाव सगळ्यांत आधी घ्यायची. "माझ्या सुलभाचे यजमान," म्हणायची.

एका महिन्यात त्यांचे पैसे आले नाहीत. त्याच दिवशी त्यांचा मेसेज आला. मला तो पाठ आहे. "भैया, इस महिने जमणार नाही, दवाखान्यात फार गेले. इनका नाव तेवढं राहू द्याल का? काकूंच्या आवाजानेच इनको झोप येते. पुढच्या महिन्यात पक्का भरते."

मी तो वाचला. वाचल्याची खूण त्यांना दिसली असणार. उत्तर दिलं नाही.

का नाही दिलं? त्या दिवशी मी स्वतःला सांगितलं की एकाला सूट दिली तर उद्या दहा मागतील. रांगेत एक बाई होत्या अमेरिकेतल्या, त्या दोन महिने थांबल्या होत्या. जागा साठच. असं मी स्वतःला बरंच काही सांगितलं. पण कागद माझ्या हातात होता ना? पेन माझ्या हातात होतं ना? एकसष्टावं नाव लिहायला कोण अडवत होतं? मी एडिटिंग करतो, मला सेकंद माहीत असतात — एक वात वळून, बुडवून, नाव घेऊन लावायला काकूला अर्धं मिनिट लागतं. अर्ध्या मिनिटाची गोष्ट होती. मी त्यांच्या जागी अमेरिकेतल्या बाईंचं नाव लिहिलं आणि बसमध्ये बसलो.

काकूनं कागद ताडला. सगळ्यांत आधी तेच नाव शोधलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा शोधलं. मग माझ्याकडे बघितलं. तिला विचारायचा धीर होत नव्हता, हे मला दिसत होतं. तिला वाटलं असणार, ते गेले.

आणि मी हसलो. नुसतं म्हणालो नाही हो — हसून म्हणालो, "बरे झाले काकू, सुलभाताईंचे यजमान. एकदम बरे."

हेच ते. हे सांगायचं होतं.

ती रडली. काकांच्या वेळी जेवढी रडली नव्हती तेवढी रडली. त्या दिवशी तिनं आळीभर खोबरं वाटलं.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण सहा-सात आठवड्यांनी, थंडीच्या दिवसांत, एका शनिवारी मी कॅमेरा लावत असताना दारात एक बाई उभी राहिली. देवासहून बसनं आलेली, धारच्या स्टँडवर "वो बत्तीवाली काकी" विचारत विचारत. शाल गळ्यापर्यंत गुंडाळलेली, कपाळावर बारीक टिकली. म्हणाली, "मी सुलभा."

मी काही बोलायच्या आत काकू उठली. भिंत धरत, अडखळत जाऊन तिनं त्यांचे दोन्ही हात धरले. "सुलभा! अगं बाई माझे, यजमान बरे झाले ना! आता घरी जेवतात ना नीट?"

सुलभाताईंनी माझ्याकडे बघितलं. किती वेळ? थोडाच असेल. मी काय करत होतो माहितीये? काही नाही. कॅमेऱ्यामागे उभा होतो. एक शब्द बोललो असतो तरी चाललं असतं.

"हो काकू," त्या म्हणाल्या. "बरे झाले."

काकूचे हात काही थांबेनात. त्यांना बसवलं आणि तो डबा आणला. पट्ट्या उलगडत उलगडत हवी ती शोधली — 'सुलभा यांचे यजमान, देवास, किडनी', माझंच अक्षर — आणि आतली वात त्यांच्या हातावर ठेवली. "ही बघ. बरे झाल्याचं कळलं त्या शनिवारपासून तुझी वात लावली नाही हो मी. एकदाही नाही. बऱ्या माणसाची लावू नये." सुलभाताई वातीकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "ही मी नेऊ?" काकू म्हणाली, "ने की. तुझीच आहे."

पहिल्यांदाच घरी आलेली सवाष्ण, तिला मोकळी कशी पाठवायची? काकू स्वतः विधवा, ती काही ओटी भरणार नाही. तिनं शेजारच्या वैनींना हाक मारली. वैनी ताट घेऊन आल्या — तांदूळ, नारळ, सुपारी, खण. सुलभाताईंनी एकदा दाराकडे बघितलं. मग उठून पाटावर बसल्या आणि पदर पुढे केला. वैनींनी हळद-कुंकू लावलं आणि ओटी भरली. काकू बाजूला उभी राहून म्हणत होती, "अखंड सौभाग्यवती हो. अखंड सौभाग्यवती हो." तीन-चारदा म्हणाली.

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. ऑटोत नारळ त्यांच्या मांडीवर होता. बस लागलेली होती. पायरीवर पाय ठेवायच्या आधी त्या म्हणाल्या, "भैया, तेरावं होऊन बारा दिवस झाले."

मी काहीतरी बोललो असेन. आठवत नाही.

त्या म्हणाल्या, शेवटच्या महिन्यात यजमान रोज संध्याकाळी विचारायचे — घेतलं का काकूंनी नाव? व्हिडिओ तर दिसत नव्हता. त्या सांगायच्या, हो घेतलं. "मला वाटलं, तुम्ही उत्तर नाही दिलं तरी नाव तर ठेवलंच असेल. तेवढंच विचारायला आले होते. की मी यांना झूठ तर नाही ना बोलले." मग म्हणाल्या, "काकूंना नका सांगू. म्हातारं माणूस आहे."

रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी हात जोडले असते, पाय धरले असते, काहीतरी करायला मिळालं असतं. त्या चढल्या आणि खिडकीशी बसल्या. सुटेपर्यंत मी खाली उभा होतो. त्यांनी बघितलं नाही.

पुढच्या शनिवारी मी ठरवूनच गेलो की सांगून टाकायचं. बसमध्ये वाक्यं जुळवली. पोचलो तर काकू डबा मांडीवर घेऊन बसलेली. माझ्याआधी तीच म्हणाली, "नंदू, इतकी वर्षं मला वाटायचं, ह्यांच्या वेळी माझंच काही चुकलं असेल. वात नीट वळली नसेल, मन दुसरीकडे असेल. आता नाही वाटत." आणि डब्यावर हात फिरवला. मी ट्रायपॉड उघडला.

तुम्ही म्हणाल, म्हणजे तुझ्या खोट्यानं तिचं भलंच झालं की. नका म्हणू. मी खोटं बोललो तेव्हा तिच्या भल्याचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. ते नंतर सापडलं आणि मी त्याच्या आडोशाला जाऊन उभा राहिलो. सांगितलं तर ती कोसळेल. नाही सांगितलं तर ती साठ माणसांचं तूप पेन्शनमधून आणत राहील. मेंबरशिप बंद केली तर कागद बंद होईल आणि ती विचारेल, नावं का नाहीत? सगळे बरे झाले का? एखाद्या महिन्यात कुणीच गळू नये म्हणून मी नवस बोललो होतो — मी! — तरी चार गळले. बायको म्हणते, हल्ली तुम्ही त्या पिकोवाल्या गल्लीतून का जात नाही, उगाच लांबून वळसा घालून येता.

आज महिन्याचा पहिला शनिवार होता. सकाळी कागद घेऊन गेलो, आताच धारहून परत आलो. काकूनं दोन्ही कागद मांडीवर घेतले, चष्मा पुसला आणि ताडून बघितलं.

"या खेपेला किती रे?"

"तीन," मी म्हणालो.

ती उठली. आता उठताना तिला भिंत आणि माझा खांदा, दोन्ही लागतात. खोबरं किसलं, गूळ चिरला, देवापुढे ठेवला. मग माझ्यापाशी आली, आणि मी हात पुढे केला.